पहिलं मोटरहोम: इन्व्हर्टर आधी की सोलर?

चाकावरचंघर:
६ मीटरचं जुनं मोटरहोम घेतलंय. हाउस बॅटरी (इंजिनाच्या बॅटरीहून वेगळी, घरातल्या वस्तूंसाठी) १०० एएच (अँपिअर-तास, म्हणजे साठा) लिथियम, फ्रिज १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला, पाण्याची टाकी १०० लिटरची, गॅसची शेगडी. सोलर नाही. २००० वॅटचा इन्व्हर्टर घेतला तर इलेक्ट्रिक किटली चालेल असं वाटतं. मागे सायकलींचा रॅकही लावायचाय. पहिली सहल थेट आठ दिवसांची ठरवली आहे. काही चुकतंय का?

तारजोड:
इन्व्हर्टर थांबवा. १५०० वॅटची किटली लावली की इन्व्हर्टरमधली तूट धरून बॅटरीतून १४० अँपिअरच्या आसपास ओढले जातात. १०० एएचच्या बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांचा बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) १०० अँपिअरलाच हात वर करतो. मग किटलीच काय, दिवे आणि पंपही बंद. गंमत म्हणजे दीड लिटर पाणी उकळायला जेमतेम १४ एएच लागतात. साठा पुरतो, एकदम एवढा ओढा झेपत नाही. पाणी गॅसवर उकळा.

रोजचा खर्च असा मांडा: फ्रिज ४० एएच (उन्हाळ्यात जास्त), छतावरचा पंखा रात्रभर १६, एलईडी दिवे ४, पंप २, फोन ४. झाले ६६. म्हणजे बॅटरी दीड दिवसाची. २०० वॅटचं पॅनेल छतावर आडवं असेल तर स्वच्छ उन्हात दिवसाला ४०-४५ एएच देतं. उरलेलं गाडी चालताना ३० अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरमधून (इंजिनाकडून हाउस बॅटरीला ठरावीक करंटच देणारा) घ्या. लिथियम थेट अल्टरनेटरला (इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राला) जोडू नका. ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि इंजिन आयडलला असताना अल्टरनेटर नीट थंडही होत नाही. शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नाही, हेही लक्षात ठेवा.

वजनकाटा:
रॅक लावण्याआधी गाडी पूर्ण भरून, पाणी आणि माणसांसकट, काट्यावर न्या. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल (चाकांची जोडी धरणारा आस) वेगवेगळा मोजून घ्या. नुसत्या एकूण वजनावरून काही कळत नाही. समजा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ४ मीटर आहे आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या २ मीटर मागे ५० किलो टांगलेत. मागच्या अ‍ॅक्सलवर ७५ किलो वाढतात आणि पुढचे २५ कमी होतात. मागचे टायर मर्यादेबाहेर जातात ते असे. हवा किती भरायची तेही या आकड्यांवरूनच ठरवा.

जुनी गाडी म्हणताय, तर टायरच्या बाजूचा डॉट कोड (DOT, कधी बनला ते सांगणारा) बघा. शेवटचे चार आकडे २३१९ असतील तर टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला. उभ्या राहिलेल्या गाडीत नक्षी शाबूत दिसते, पण रबर आतून कडक झालेलं असतं.

चाकावरचंघर:
रॅक तूर्तास बाद. पाण्याची टाकी कशी धुवायची? आणि चार्जरसाठी ६ चौरस मिमीची वायर आधीच ओढलेली आहे, एका बाजूने ४ मीटर. चालेल?

वजनकाटा:
टाकी भरा, १०० लिटरला १०० मिली बिनवासाचं साधं ब्लीच. प्रत्येक नळ, गरम-थंड दोन्ही, ब्लीचचा वास येईपर्यंत उघडा. रात्रभर ठेवून रिकामी करा, मग वास जाईपर्यंत दोन-तीनदा साध्या पाण्याने. व्हिनेगर त्यात अजिबात मिसळू नका, क्लोरीन वायू होतो.

गॅसच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा, झोपायच्या जागेजवळ.

आठ दिवसांआधी एक रात्र जवळपास काढा, दुकान आणि मेकॅनिक हाताशी असतील अशा ठिकाणी. छतावर एसी, सोलर पॅनेल जे असेल ते धरून गाडीची उंची मोजून डॅशबोर्डवर चिकटवा.

तारजोड:
६ ची वायर नको. जाऊन-येऊन ८ मीटर झाले, ३० अँपिअरला ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. चार्जर ती तूट भरायला इंजिनाकडून आणखी करंट ओढतो, वायर आणखी तापते. १६ ची ओढा, तूट पाव व्होल्टवर येते. दोन्ही टोकांना बॅटरीजवळ फ्यूज हवा, कारण एका टोकाला इंजिनाची बॅटरी, दुसऱ्याला हाउस बॅटरी, म्हणजे ही वायर दोन्हीकडून जिवंत असते. लग (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबा. पक्कडीने दाबलेला लग ओढल्यावर हातात येतो. पूर्ण लोडवर दहा मिनिटं चालवून प्रत्येक जोडाला बाहेरून हात लावा. जो गरम लागेल तो नव्याने करा. ती ६ ची वायर पंपाला वापरता येईल.