आयात ऑर्किडची विषाणू-चाचणी सक्तीची करावी का?

ऐरोली_रोपवाला: थायलंडहून येणाऱ्या डेंड्रोबियम, फॅलेनॉप्सिस या ऑर्किडांचा फायटोसॅनिटरी (रोप कीड-रोगमुक्त असल्याचा निर्यातदार देशाचा) दाखला पाहून आणि पानं उलटून काही कळत नाही. सिम्बिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट, दोन्ही विषाणू लक्षणं न दाखवता रोपात बसून राहतात. आरटी-पीसीआर झाल्याशिवाय लॉट सोडू नये.

येऊरकर: कुठल्या आधारावर? दोन्ही विषाणू भारतात आधीच आहेत. क्वारंटाइन कीड (यात विषाणूही आले) म्हणजे जी देशात नाही, किंवा थोड्या भागात असून सरकारी नियंत्रणाखाली आहे ती. टोमॅटोचा ब्राऊन रुगोज विषाणू सगळीकडे पसरल्यावर युरोपने १ जानेवारी २०२५ पासून त्याला क्वारंटाइन यादीतून काढलाच ना?

ऐरोली_रोपवाला: अर्धंच सांगितलंत. यादीतून काढला, मोकाट नाही सोडला. बियाणं आणि लागवडीच्या रोपांसाठी तो नियमनाखालीच आहे. ऑर्किडला तेच लावा.

येऊरकर: लावा की! पण मग घोडबंदरच्या रोपवाटिकेलाही तेच माप लागेल. आयातीला एक न्याय आणि घरच्या मालाला दुसरा, हे आंतरराष्ट्रीय करारात बसत नाही. आहे तयारी?

कात्री_आणि_कोळसा: सरसकट चाचणी म्हणजे पैशाचा चुराडा. बियांपासून प्रयोगशाळेत, फ्लास्कमध्ये वाढवलेली रोपं बहुधा स्वच्छ असतात. मेरिक्लोनमध्ये, म्हणजे एका मातृरोपाच्या ऊतींपासून वाढवलेल्या प्रतींमध्ये मात्र मातृरोप बाधित असेल तर अख्खी बॅच बाधित, म्हणून मातृरोपाचा अहवाल मागा. नमुना पाच रोपांचा एकत्र, कोवळं आणि जून पान दोन्ही घेऊन, कारण नव्या लागणीत विषाणू सगळ्या पानांत सारखा नसतो. पॉझिटिव्ह आला तर पाचही वेगळी तपासा.

आणि एक, या दोन्ही विषाणूंना पसरायला कीटक लागत नाही, आपली कात्री पुरते. शंभर रोपांच्या जुन्या काड्या एकाच पात्याने छाटल्या की बंदरावरची चाचणी गेली पाण्यात. पातं ज्योतीवर लाल करा, गार होऊ द्या, मगच पुढचं रोप. नाहीतर १० टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटमध्ये बुडवा. ब्लीचने पातं गंजतं. बाधित कुंडीतला कोळसा परत वापरायचा नाही.

येऊरकर: कात्रीचं शंभर टक्के मान्य. पण निकाल येईपर्यंत उघड्या मुळांचं डेंड्रोबियम मे महिन्यात पेटीत किती दिवस तगेल?

ऐरोली_रोपवाला: पेटीत ठेवायला सांगतंय कोण? २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशात आयातीनंतरच्या विलगीकरणाची तरतूद आहे. आयातदाराच्या मंजूर बंद शेडमध्ये लावा, निकालापर्यंत विक्री बंद.

येऊरकर: आणि त्या शेडमध्ये कात्री किती?