ऊन आहे, पण साखरेचं पाणी राखणार कोण?

"मराठवाड्यात ऊन फुकट, उसाऐवजी शैवालाच्या टाक्या बांधा," असं एकानं सुचवलंय, ते मला पटतं, पण अर्धंच. ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं उसाला पर्याय हवाच. गंमत म्हणजे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शैवालासारखे उन्हावर जगणारे निळे-हिरवे जिवाणू, साखरही करतात! सिनेकोकॉकस इलाँगेटस ही त्यांचीच गोड्या पाण्यातली जात. पाणी खारं झालं की पेशी सुकू नये म्हणून आत सुक्रोज, म्हणजे आपली साखरच, साठवते. तिच्यात ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचं 'सीएससीबी' हे वाहक प्रथिनाचं जनुक घातलं, की साखर बाहेरच्या पाण्यात उतरते. पेशी मारायची गरज नाही, दुभती म्हैसच म्हणा ना. आमच्या बोरचं खारं पाणी कुणी वापरून बघायला हरकत नाही.

घोडं अडतं ते पुढं. उघड्या टाकीत हे साखर उतरलेलं पाणी ठेवलं, की बाकीचे जिवाणू आधी पंगतीला बसतात. बंद नळ्या घ्याव्यात, तर मे महिन्यात त्या तापणार. थंड करायला पुन्हा वीज अन् पाणी. सायनोबॅक्टेरियापासून इथेनॉल 1999 मध्येच काढून दाखवलंय, पण स्वस्त मालाला हा खर्च झेपत नाही. माझं मत विचाराल तर आधी या जिवाणूंपासून महागडी रंगद्रव्यं काढा.