अलाइनमेंट: पात्राचा स्वभाव की डीएमचा निकाल?

फासेकरी

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका-खेळातली अलाइनमेंट, म्हणजे पात्रावर लावलेलं लॉ की केऑस (शिस्त की स्वैरपणा) आणि गुड की ईव्हिल (चांगलं की वाईट) असं लेबल, काढून टाकावी, असं माझं मत झालंय. परवाच्या सेशनमध्ये डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी आणि निकाल देणारी व्यक्ती) म्हणून माझ्याच हातून जे घडलं, त्यानंतर.

आम्ही अजून ३.५ आवृत्ती (२००३) खेळतो. पार्टीत, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या गटात, एक पॅलाडिन आहे, संहितेने बांधलेली धर्मयोद्धा, म्हणजे अर्थातच लॉफुल गुड. दरोडेखोरांचा एक हेर त्यांच्या हाती लागला. पॅलाडिनने त्याला शब्द दिला, "वाट दाखव, तुला सोडून देईन." त्याने वाट दाखवली. सोडायच्या वेळी त्याच्या बुटात चिठ्ठी सापडली. त्याच रात्री पलीकडच्या गावाच्या विहिरीत विष कालवायची कामगिरी त्याच्यावर होती. पॅलाडिन खेळणारी मैत्रीण बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मी शब्द मोडते. याला बांधून सोबत नेते."

मी पुस्तक उघडलं, संहिता मोडल्याचं सांगितलं आणि तिच्या सगळ्या शक्ती काढून घेतल्या.

घरी येऊन तो परिच्छेद पुन्हा वाचला. पॅलाडिनने सचोटीने वागावं, खोटं बोलू नये, असं त्यात आहे. निरपराधांच्या जिवावर उठणाऱ्यांना शासन करावं, असंही त्यातच आहे. तिने काहीही केलं असतं तरी एक कलम मोडलंच असतं. "तुझी देवता तुझ्यावर रुष्ट झाली" हे वाक्य मी मोठ्या गंभीरपणे उच्चारलं, पण अशा वेळी काय करावं हे मला स्वतःलाच कळत नव्हतं. माझा गोंधळ मी विश्वाचा निकाल म्हणून तिला ऐकवला. याची मला मनापासून लाज वाटते.

ती जी काही मिनिटं गप्प बसली, तो त्या कॅम्पेनमधला सगळ्यात खरा क्षण होता. अलाइनमेंटने त्याची परीक्षा करून टाकली आणि तिला नापास केलं.

जुनी_पेटी

तुमची तळमळ पटली, निष्कर्ष नाही पटला. नियमाचा दोष नाही, निकाल चुकला.

संहितेचं 'घोर' उल्लंघन झालं तर शक्ती जातात, असं ३.५ मध्ये लिहिलंय. कुठलंही उल्लंघन नव्हे. शिवाय शब्द देताना ती खोटं बोलत नव्हती. तेव्हा हेराला सोडायचा तिचा इरादा होताच. नंतर समोरची परिस्थिती बदलली. शब्द मोडणं आणि खोटं बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि जुन्या नियमात याचं उत्तर होतं. १९७८च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये पॅलाडिनने जाणूनबुजून केऑटिक कृत्य केलं, तर त्याने वरच्या पातळीच्या लॉफुल गुड धर्मगुरूपुढे कबुली द्यायची आणि प्रायश्चित्त घ्यायचं. जाणूनबुजून दुष्ट कृत्य केलं, तर मात्र पॅलाडिनपण कायमचं गेलं. म्हणजे लॉ आणि गुड यांची टक्कर झाली तर कुठलं पारडं जड, हे स्पष्ट होतं. तुमच्या मैत्रिणीने शब्द मोडला, गाव वाचवलं. तिला फार तर प्रायश्चित्त. गुडघे टेकून कबुली देणारी पॅलाडिन, केवढा सुंदर प्रसंग झाला असता!

कोपऱ्यातली_खुर्ची

@जुनी_पेटी, तुम्ही १९७८चा दाखला दिलात, पण १९७९च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये काय आहे तेही सांगा. डीएमने प्रत्येक पात्राच्या वागण्याचा आलेख ठेवायचा, आणि पात्र आपल्या चौकटीतून बाहेर सरकलं की त्याची एक लेव्हल कापायची. मतं बदलली म्हणून दंड! माणूस म्हणून घडणं यालाच म्हणतात ना? भित्रा चोर शेवटी शहराच्या वेशीवर एकटा उभा राहतो, ही गोष्ट आपल्याला हवी असते. आणि नियम त्याला सांगतो, तू होतास तसाच राहा.

शिवाय लॉफुल म्हणजे कुणाचा लॉ? राजाचा? देवळाचा? स्वतःला घालून घेतलेल्या शिस्तीचा? चोरांच्या टोळीतला शपथ पाळणारा माणूस लॉफुल की केऑटिक, यावर आमच्या टेबलावर दोन तास गेलेत. एकच शब्द तीन अर्थांनी वापरला जातो. असा शब्द घेऊन न्याय कसला करणार?

जुनी_पेटी

लेव्हल कापण्याचं समर्थन मी करणार नाही, तो नियम वाईटच होता.

पण हा शब्द आला कुठून ते पाहा. १९७४च्या पहिल्या खेळात लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस एवढंच होतं. पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांमधून आलेली ती कल्पना. स्वभावाचं वर्णन नव्हतंच ते, विश्वाच्या लढाईत तुम्ही कुणाच्या झेंड्याखाली उभे आहात एवढंच ते सांगायचं. गुड आणि ईव्हिलचा दुसरा अक्ष खेळाचे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स यांनी १९७६च्या लेखात जोडला आणि पुढे नऊ चौकटी झाल्या. झेंडा आणि स्वभाव यांची गल्लत तिथे झाली. माझं म्हणणं इतकंच की झेंडा परत आणा. पॅलाडिनला विचारा, तू कुणाच्या बाजूने लढतेस? तू आतून कशी आहेस, ते खेळातून दिसू दे.

संध्याकाळचा_सेशन

प्रॅक्टिकल मुद्दा. 'केऑटिक न्यूट्रल' लिहून आपल्याच पार्टीला लुटणारा आणि वर "मी काय करू, माझं पात्रच तसं आहे" म्हणणारा खेळाडू प्रत्येकाने पाहिलाय. ते दोन शब्द नसते, तर त्याला निदान स्वतःचं कारण शोधावं लागलं असतं. माझं मत फासेकरींना.

सूत्रधार_नव्हे

मी उलट टोकाचं बोलतो. अलाइनमेंट ठेवा, आणि पूर्ण ताकदीने ठेवा.

इथे सगळे तिच्याकडे मानसशास्त्र म्हणून बघताहेत. मला ती विश्वरचना वाटते. या विश्वात चांगलं आणि वाईट उष्णतेसारखं मोजता येतं. जुन्या आवृत्त्यांमध्ये मंत्र टाकला की समोरचा दुष्ट आहे का ते कळतं. मेल्यावर आत्मा ज्या लोकात जातो, तो लोकच त्या मूल्याचा बनलेला असतो. आपल्या जगात असं काहीही नाही. म्हणून तर हा विचारप्रयोग मोलाचा आहे.

प्लेटोच्या संवादात सॉक्रेटिस युथिफ्रोला विचारतो, पवित्र गोष्ट पवित्र आहे म्हणून देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून ती पवित्र? आता हाच प्रश्न टेबलावर आणा. मंत्र म्हणतो, ही बाई दुष्ट. पॅलाडिन तिच्या घरी महिनाभर राहिलीये, तिने चार अनाथ पोरं वाढवलीत. आता पॅलाडिन कुणावर विश्वास ठेवणार? मंत्रावर की डोळ्यांवर? एखादं पात्र उभं राहून म्हणू शकतं, "हे विश्व ज्याला गुड म्हणतं, ते मला मान्य नाही." हे वाक्य उच्चारायला आधी विश्वाला मत असावं लागतं. अलाइनमेंट काढलीत की बंड करायला समोर कुणी उरतच नाही.

कोपऱ्यातली_खुर्ची

हे वाचून मी थांबले. खरंच सुंदर मांडलंत. पण एक अट घाला. असं मोजमाप असलेल्या विश्वात जन्मतःच दुष्ट असलेली जमात ठेवू नका. ज्याला निवड नव्हती, त्याला दोष कसला द्यायचा? ऑर्कचं पिल्लू जन्मापासून ईव्हिल असेल तर ते ईव्हिल नव्हे, आजारी आहे. आणि आजाऱ्याला मारून एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळवणं मला जमत नाही. २०२१मध्ये 'प्लेयर्स हँडबुक'मधून खेळता येणाऱ्या वंशांच्या अलाइनमेंटबद्दलच्या सूचना काढल्या, ते योग्यच झालं.

सूत्रधार_नव्हे

ऑर्कांबद्दल पूर्ण मान्य. राक्षसांबद्दल नाही. डीमन म्हणजे देह धरलेलं पापच असेल, तर त्याला निवड नसणं हीच त्याची व्याख्या झाली. तिथे दोषाचा प्रश्नच येत नाही, आगीला दोष देत नाहीत तसं. घोळ होतो तो हाडामांसाच्या, लेकरं वाढवणाऱ्या जमातींना आपण डीमनच्या रांगेत बसवतो तेव्हा.

फासेकरी

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. घोर उल्लंघनाचा मुद्दा मला झोंबला, कारण तो बरोबर आहे. मी अर्धं वाक्य वाचून निकाल दिला.

तरीही माझं मूळ मत सुटत नाहीये. सूत्रधार, तुमच्या विश्वात 'विश्वाचं मत' शेवटी बोलून दाखवतो कोण? डीएमच. पॅलाडिन विश्वाशी भांडते असं तुम्ही म्हणता, पण खुर्चीत बसलेली माझी मैत्रीण माझ्याशी भांडत असते, आणि नियमांचं पुस्तक माझ्या हातात असतं. परवा ती भांडलीही नाही. शीटवरच्या शक्ती खोडल्या आणि "ठीक आहे" म्हणाली.

'पाथफाइंडर' या अशाच दुसऱ्या खेळाने २०२३च्या रीमास्टरमध्ये (सुधारित नियमपुस्तकांत) अलाइनमेंट काढून टाकली. त्यात प्रत्येक देवतेच्या आज्ञा आणि निषेध ठेवलेत, काय करावं आणि काय कदापि करू नये. मला तो मार्ग जवळचा वाटतो. खेळाडू स्वतः शपथ निवडतो, आणि ती मोडली तर काय मोडलं हे दोघांनाही माहीत असतं. पुढच्या सेशनआधी मी तिची माफी मागणार आहे, शक्ती परत देणार आहे, आणि तीन शपथा तिच्याकडूनच लिहून घेणार आहे.

जुनी_पेटी

माफी मागा. शक्ती मात्र लगेच परत देऊ नका, आधी तिला विचारा. ती जर म्हणाली की माझ्या पॅलाडिनला शब्द मोडल्याचं ओझं वाटतंय, तर प्रायश्चित्ताचा प्रसंग तिचा आहे, तो तिच्याकडून काढून घेऊ नका. ३.५ मध्ये त्यासाठी अटोनमेंटचा मंत्र आहेच.

आणि तीन शपथा लिहाल तेव्हा त्यातल्या दोन कधीतरी एकमेकींशी भांडणारच. ते भांडण कुठली शपथ जिंकेल, तेही तिलाच आधी लिहू द्या.

कोपऱ्यातली_खुर्ची

आधी नको. तो हेर अजून बांधलेलाच आहे ना? त्याच्यासमोर लिहू दे.