मदत हवी आहे: बाबांची ग्रामीण बँकेतली १९९७ सालची ठेव पावती सापडली, आता कुठे जायचं?

नमस्कार मंडळी. लालबागची आमची खोली रिकामी करताना आईच्या ट्रंकेत, बाबांच्या गिरणीच्या कागदांखाली एक पावती मिळाली. रत्नागिरी-सिंधुदुर्ग ग्रामीण बँक, राजापूर तालुक्यातली शाखा, १२,००० रुपये, मुदत ६३ महिने, मे १९९७. नॉमिनीची जागा कोरी. बाबा २००१ सालीच गेले. गिरणीचे पैसे हातात आले तेव्हा गावच्या घराची कौलं बदलायला म्हणून त्यांनी हे बाजूला काढले होते. "सरकारी बँक आहे, बुडायची नाही," असं म्हणायचे.

शेजारचे काका म्हणाले, या नावाची बँकच उरलेली नाही, पैसे गेले समजा. आईने ते फारच मनाला लावून घेतलं. म्हणून मी शोधत बसलो. ही पतसंस्था नव्हती, १९७६ च्या प्रादेशिक ग्रामीण बँक कायद्याखालची बँक होती: भांडवलात केंद्राचे ५० टक्के, राज्य सरकारचे १५ आणि प्रायोजक बँकेचे, म्हणजे तिला उभी करणाऱ्या मोठ्या बँकेचे, ३५. म्हणजे बाबांचं चुकलं नव्हतं. नावं तेवढी बदलत गेली. आधी वैनगंगा कृष्णा ग्रामीण बँक, २०१३ साली विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँक, मुख्यालय छत्रपती संभाजीनगर.

न मागितलेल्या ठेवी शोधायच्या रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर बाबांचं नाव टाकून पाहिलं, काही आलं नाही. मग पैसे नक्की आहेत कुठे? आम्ही वारस चौघं, आई, मी आणि दोन बहिणी. कोर्टाचा वारस दाखला काढावाच लागेल का? आई ७८ वर्षांची आहे, तिला गाडीचा प्रवास झेपत नाही. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद (निवृत्त बँक कर्मचारी):
दादा, आईंना आधी सांगा, पैसे बुडालेले नाहीत. दहा वर्षं कुणी न मागितलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. २०१४ पासून ही पद्धत आहे. पण मागणी बँकेकडेच करायची. बँक तुम्हाला पैसे देते आणि मग निधीतून स्वतः परत घेते. मागणीला मुदत नाही. निधीतल्या व्याजी ठेवीवर व्याजही मिळतं, मे २०२१ पासून ३ टक्क्यांनी.

पावती त्याच शाखेची, म्हणून तिथूनच सुरुवात करा. मृत्यू दाखला, चौघांचं आधार-पॅन, बहिणींचं ना-हरकत पत्र आणि हमीपत्राची तयारी ठेवा. एवढ्या लहान रकमेला बहुधा कोर्टात जावं लागत नाही, तरी शाखेकडून लेखी घ्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. आणि मूळ पावती आत्ताच देऊ नका, झेरॉक्स द्या.

धागाकर्ता:
मनापासून आभार, काका. आईला वाचून दाखवलं, तिने पावती पुन्हा पिशवीत घालून माझ्या हातात दिली. पहिल्या शनिवारी शाखा उघडी असते, तेव्हा शुक्रवारी रात्री दादरहून तुतारी एक्सप्रेस धरतो.