व्हेलच्या श्वासात सापडलेला व्हायरस व्हेलचाच कशावरून?

सातरस्ता_मायक्रो
नमस्कार मंडळी, सोलापुरात एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करतोय, सेमिनारला समुद्री सस्तन प्राण्यांमधले नवीन व्हायरस हा विषय घेतलाय. ऑस्ट्रेलियातलं २०१८ ला छापून आलेलं एक काम वाचलं, सिडनीजवळून जाणाऱ्या १९ हंपबॅक व्हेलच्या वर ड्रोन नेला, त्याला पेट्री डिश लावलेली, व्हेलनं श्वास सोडला की तो फवारा डिशमध्ये पकडायचा आणि त्यातल्या आरएनएचं सिक्वेन्सिंग करायचं, म्हणजे त्याची अक्षरं ओळीनं वाचायची. सहा नवीन व्हायरस मिळाले! वाचून अक्षरशः भारावलो. पण समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण कोटीभर व्हायरस असतात म्हणतात, मग सापडलेला व्हायरस व्हेलचाच हे ठरवायचं कसं? सर नक्की विचारणार, सांगा की ओ कुणीतरी.

जुळेसोलापूर_ते_पुणे
प्रश्न एकदम बरोबर जागी विचारलायस. बॅक्टेरियात १६एस हा सगळ्यांत सापडणारा जीन आहे, तसा सगळ्या व्हायरसमध्ये सापडणारा एकही जीन नाही, त्यामुळे अनोळखी व्हायरससाठी पीसीआरचा (ठरावीक जीनच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) प्रायमर, म्हणजे त्या जीनला चिकटणारा छोटा तुकडा, बनवणार कशावर? म्हणून डिशमधलं असेल नसेल ते सगळं वाचायचं, तुकडे जोडून काँटिग (लांब सलग सिक्वेन्स) करायचे आणि डेटाबेसशी जुळवायचे, तेही प्रोटीनच्या पातळीवर, कारण दूरच्या नात्यातला व्हायरस न्यूक्लिओटाइडवर (डीएनए-आरएनएच्या अक्षरांवर) ओळखूच येत नाही. मग वंशवृक्ष काढायचा. तुझा सिक्वेन्स सस्तन प्राण्यांच्या व्हायरसमध्ये जाऊन बसला तर तो व्हेलचाच या म्हणण्याला बळ मिळतं, माशांच्या व्हायरसशेजारी बसला तर तो व्हेलच्या जेवणातला असू शकतो, आणि फाज (बॅक्टेरियाला लागणारा व्हायरस) असेल तर तो बॅक्टेरियाचा. त्याच जागेचं समुद्राचं पाणी आणि नुसत्या किटचा ब्लँक (नमुना न घालता केलेली तपासणी), तुलनेसाठी हे दोन्ही कंट्रोल सोबत पळवायचेच. ब्लँक कुणी सोडू नये असं मला मनापासून वाटतं, कारण हिपॅटायटिसच्या पेशंटमध्ये सापडलेला एक 'नवीन' व्हायरस २०१३ मध्ये तपासल्यावर चक्क डीएनए-आरएनए काढायच्या सिलिका कॉलममधून आलेला निघाला. हे उदाहरण स्लाइडवर टाकच.

गुरांचा_डॉक्टर_बार्शी
वरच्यांनी छान सांगितलं. मी जनावरांच्या बाजूनं बोलतो. व्हायरस सापडला म्हणजे त्यानंच प्राणी आजारी पडला असं नसतं हे वेगळं सांगा. १९८८ ला उत्तर समुद्रात हार्बर सील पटापट मेले, साधारण १८ हजार, लक्षणं कुत्र्याच्या डिस्टेंपर या व्हायरसच्या आजारासारखी म्हणून आधी तोच संशय, नंतर कळलं की हा जवळचा पण वेगळाच मॉर्बिलीव्हायरस आहे. आपल्याकडची गुरांची जुनी बुळकांडी, शेळ्यांचा पीपीआर, माणसाचा गोवर, सगळे याच घराण्यातले. डिस्टेंपरचं कुत्रं दवाखान्यात येतं तेव्हा डोळ्याला चिपडं, नाकाला खपली, पंजाची गादी कडक झालेली, आणि जबडा सारखा काहीतरी चावल्यासारखा हलत असतो, एकदा बघितलं की माणूस विसरत नाही. असं कुत्रं समोर असतं म्हणून अंदाज करता येतो, उडत्या ड्रोनला तो व्हेल आजारी आहे की ठणठणीत हे कसं कळणार? त्यासाठी मेलेल्या प्राण्याचं फुफ्फुस, मेंदू, लिम्फ नोड काढून त्या पेशीत व्हायरस आणि तिथंच इजा, दोन्ही दिसावं लागतं. २०१८ ला गीरचे सिंह मेले तेव्हा पुण्याच्या एनआयव्हीनं (राष्ट्रीय विषाणू संस्था) नमुने तपासून डिस्टेंपर सांगितला होता, ते वाचा, विषय लवकर डोक्यात शिरेल.

सातरस्ता_मायक्रो
डॉक्टरसाहेब, ताई/दादा, लई उपकार झाले. मग किनाऱ्यावर मेलेला डॉल्फिन लागला तर त्याचाच नमुना घेणं जास्त भारी ना, ड्रोनपेक्षा?

गुरांचा_डॉक्टर_बार्शी
ताजा असला तर हो. उन्हात फुगून पडलेला असला तर आरएनए केव्हाच तुटलेला असतो, शिवाय मेल्यावर आतड्यातले बॅक्टेरिया सगळीकडे पसरतात, मग तुमचे निम्मे रीड (वाचलेले तुकडे) त्यांचेच. आणि आपल्याकडं व्हेल, डॉल्फिन वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. जिवंत कळपात काय फिरतंय हे बघायला ड्रोन, मेला कशानं हे बघायला पोस्टमॉर्टेम, सरांना असंच सांगा.

जुळेसोलापूर_ते_पुणे
दादाच म्हण. स्लाइड झाल्या की वंशवृक्षाची तेवढी इथं टाक, बघून देतो.