पेरणीआधी एक, काढणीनंतर भलतंच: सोयाबीन, कांदा आणि शेजारी देश

रामबागकर, इंदूर:
परवा देवासजवळ मामेभावाकडे गेलो होतो, आठ एकर सोयाबीन आहे त्याचं, म्हणाला दादा, पुढच्या वर्षी काय पेरू तेच कळेना. २०२४ला सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४८९२ रुपये आणि आपल्या छावणी मंडीत माल चार हजाराच्या आसपास जात होता. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन ६००० मागत रस्त्यावर आले तेव्हा कुठे सप्टेंबरात केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरची मूळ आयात ड्यूटी शून्यावरून २० टक्के केली. बरं वाटलं. मग मे २०२५च्या शेवटी तीच परत १० वर आणली, पाऊस तोंडावर आलेला, लोकांनी बियाणं घेऊन ठेवलेलं! आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, म्हणजे ड्यूटी हलली की मालव्यातल्या शेताचा भाव हलतो, हे दिल्लीला माहीत नाही असं कसं म्हणायचं?

आणि बाहेरही तेच. सप्टेंबर २०१९ला कांद्याची निर्यात एका फटक्यात बंद केली, बांगलादेशात भाव भडकले, आणि पाचच दिवसांनी तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या की मी स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, बंद करायचा होता तर आधी कळवायचं. पाहुण्या पंतप्रधानांना हे बोलावं लागलं याची मला लाज वाटली. त्यातून शिकायचं तर सप्टेंबर २०२०ला परत बंद, डिसेंबर २०२३ला परत बंद. न सांगता फिरायची ही सवय आहे, आणि तिने घरचा शेतकरी आणि बाहेरचं गिऱ्हाईक दोन्ही तुटतात.

खंडवारोड_ताई:
दादा, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटतं पण जरा आमच्या स्वयंपाकघरातूनही बघा ना. २०२२ला युक्रेनचं युद्ध पेटलं, सूर्यफुलाचं तेल यायचं बंद झालं, तेव्हा पंधरा लिटरचा डबा घेताना हात थरथरायचा माझा. तेव्हा ड्यूटी कमी नसती तर काय केलं असतं आम्ही? त्याच वर्षी मार्चमध्येच ऊन पेटलं, गव्हाचं पीक बसलं, म्हणून १३ मेला गव्हाची निर्यात थांबवली. ८० कोटी लोकांना रेशन द्यायचंय, गोदामं रिकामी करून दुसऱ्यांना विकायचं का? आणि न सांगता कोण करत नाही, इंडोनेशियाने त्याच एप्रिलमध्ये पामतेल बंद केलंच की. परराष्ट्र धोरणाचं म्हणाल तर एवढा दबाव असून रशियाचं स्वस्त खनिज तेल घेतलं, युक्रेनमधून आपली हजारो मुलं परत आणली. हे अपयश म्हणता तुम्ही?

चोइथराम_आडत:
ताई, मुलं आणली त्याचं श्रेय पूर्ण द्यायचं, मी पण देतो. पण गव्हाचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. एप्रिल २०२२ला खुद्द पंतप्रधान म्हणत होते की जागतिक व्यापार संघटनेची परवानगी मिळाली तर भारत जगाला धान्य पुरवायला तयार आहे, आणि महिन्याभरात दार बंद. त्या भरवशावर ज्या व्यापाऱ्यांनी माल उचलून बंदराकडे पाठवला त्यांचे ट्रक कांडल्याला उभे राहिले.

कांद्याचं मी रोज बघतो. ऑगस्ट २०२३ला ४० टक्के निर्यात ड्यूटी, ८ डिसेंबरला पूर्ण बंदी, ३१ मार्चपर्यंत म्हणाले, मग पुढे ढकलली, आणि लोकसभेचं मतदान चालू असताना ४ मेला उठवली, तीही ४० टक्के ड्यूटी ठेवूनच. मधे गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २००० टनांची सूट दिली तेव्हा नाशिककडचे लोक किती चिडले होते. कांदा काय लोखंड आहे का, चार महिने चाळीत ठेवला की सडतो, कोंब येतात, वजन घटतं. आणि तेवढ्यात बाहेरचा गिऱ्हाईक पाकिस्तान, चीनकडून घ्यायला लागतो. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाची पायरी चढलं की परत आणणं किती अवघड ते आडतीवर बसणाऱ्याला विचारा.

सुदामानगर_४५२:
कोरोनाच्या लसीचंही तेच झालं. २०२१च्या सुरुवातीला शेजाऱ्यांना लस पाठवली, मला खरंच अभिमान वाटला होता. मग दुसरी लाट आली आणि पैसे भरलेल्या बांगलादेशचे डोसही अडकले. लाट येईल याची तयारीच नव्हती, म्हणून घरचे लोकही रांगेत आणि बाहेरचेही नाराज.

खंडवारोड_ताई:
त्या एप्रिलमध्ये माझे सासरे गेले. तेव्हा एक डोससुद्धा बाहेर जाऊ नये असंच वाटत होतं मला, आणि आजही वाटतं. बांगलादेश नाराज झाला तर झाला. सोयाबीनचं म्हणाल तर राज्याने २०२५ला भावांतर योजना आणली ना, ५३२८ हमीभाव आणि मंडीचा सरासरी भाव यातला फरक खात्यात द्यायची.

रामबागकर:
ताई, सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. त्यावर मी वाद घालणार नाही.

भावांतराचं मात्र बोलतो. तो पैसा सरकारी तिजोरीतूनच जातो, आणि भाव पाडला सरकारच्याच ड्यूटीने. म्हणजे एका हाताने काढायचं आणि दुसऱ्याने भरायचं, आणि नोंदणी राहिली त्याचं काय? इंडोनेशियाने बंदी तीन-साडेतीन आठवड्यांत उठवली, पण तेवढ्यात आपल्या डब्याचं काय झालं ते तुम्हीच लिहिलंत, मग घरचं तेलबियांचं पीक जपायला नको? माझं मागणं मोठं नाही. मे महिन्याच्या आत ड्यूटी जाहीर करा आणि काढणी विकून होईपर्यंत हात लावू नका. निर्यात थांबवायची असेल तर महिनाभर आधी घेणाऱ्या देशाला कळवा.

खंडवारोड_ताई:
पेरणीआधी सांगावं, हे मान्य. पण मधेच युद्ध झालं आणि तेल दोनशेवर गेलं तर सरकारने तुमच्या तारखेची वाट बघत बसायचं का, याचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही.

चोइथराम_आडत:
बसू नये. ड्यूटी कमी करा, पण त्याच दिवशी हमीभावाने खरेदी पण चालू करा. २०२५ला पहिलं झालं, पण आधारासाठी शेतकऱ्याला काढणीपर्यंत थांबावं लागलं.