तातडीने मदत हवी आहे: नवा पावडर ब्लू मासा सोडला, जुना सेलफिन त्याला जगू देत नाहीये

समीर_ठाणे:
मंडळी, लवकर सांगा. काल संध्याकाळी पावडर ब्लू टँग (टँग म्हणजे खाऱ्या पाण्यातला शैवाल चरणारा मासा) आणला. पिशवी तरंगवली, थेंब थेंब पाणी घालत तास-दीड तास घालवला आणि मग सोडला. थोडा वेळ शांतता होती, मग जुना सेलफिन टँग जो मागे लागला तो अजून थांबलेला नाही. शेपटीचे फटके मारतोय. नवा पंपामागे कोपऱ्यात बसलाय, एक पर फाटलाय, सकाळी काही खाल्लं नाही. खाऱ्या पाण्याचा टँक जुना आहे, पाण्याचे पॅरामीटर ओके, कोरल मस्त वाढतायत. दगडांची मांडणी बदला असं कृपया सांगू नका, सगळ्या दगडांवर कोरल चिकटलेत. सेलफिनला शांत कसं करू?

प्रवाळ:
टँक केवढा? सेलफिन केवढा? बाकी मासे कोणते? "ओके" नको, आकडे द्या. आणि नवा मासा क्वारंटाइन केला होता का?

डोंबिवलीकर:
आधी आरसा लावा. काचेला बाहेरून चिकटवायचा, नवा मासा आहे त्याच्या विरुद्ध बाजूला. सेलफिन स्वतःच्या प्रतिमेशी भांडत बसतो. माझ्याकडे यलो टँग आणला तेव्हा यानेच निभावलं. सोबत दोन ठिकाणी नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) लावा, रात्री दिवे लवकर बंद करा.

किरण_रीफ:
दीड तास थेंब पद्धत कशाला केलीत? पिशवीत माशाच्या विष्ठेचा अमोनिया साठतो. पिशवी बंद असते तोवर पीएच कमी असतो, त्यामुळे तो कमी विषारी रूपात राहतो. उघडली की पीएच वर जातो आणि तोच अमोनिया माशाला भाजतो. लांबून आलेल्या पार्सलला तर हे फार लागू आहे. तापमान जुळवा, क्षारता जुळवा आणि पटकन सोडा.

समीर_ठाणे:
किरण, मासा दुकानातून घरी अर्ध्या तासात आला. आता तो विषय नको. टँक ४ फुटी, ३०० लिटर. सेलफिन तळहाताएवढा. क्लाउनची जोडी, रॉयल ग्रामा, दोन क्लीनर श्रिंप. क्षारता १.०२५, तापमान २६. क्वारंटाइन नाही केलं, दुकानदार म्हणाला मासा आठवडाभर त्याच्याकडे आहे आणि नीट खातोय. आरसा लावलाय, पाच मिनिटं फरक पडला, मग पुन्हा तेच.

अनघा_सागर:
३०० लिटर हा आकडा पहिल्या पोस्टमध्येच हवा होता. डेजार्डिनी सेलफिन पूर्ण वाढला की ४० सेंटिमीटरच्या आसपास जातो, पावडर ब्लू २०-२२. दोघेही शैवाल चरणारे, दोघांच्या शेपटीच्या बुडाशी धारदार काटा. लक्षद्वीपला डायव्हिंग करताना पावडर ब्लूचे थवे पाहिलेत, दिवसभर रीफवरून चरत फिरतात. तुमच्या सेलफिनसाठी तो ४ फुटांचा टँक म्हणजे त्याचं कुरण आहे आणि त्यात दुसरा चरणारा घुसलाय. त्याला "शांत" करायचं औषध नाही.

आत्ता लगेच करण्यासारखं एकच: सेलफिनला पकडून जाळीच्या डब्यात ठेवा, नव्याला मोकळा सोडा. चार-पाच दिवसांनी सेलफिनला सोडलं की घर त्याचं एकट्याचं राहत नाही. लोक नेहमी उलट करतात, मार खाणाऱ्यालाच डब्यात घालतात.

डोंबिवलीकर:
अनघाताई, मग ४ फुटीत टँग ठेवायचाच नाही का? मुंबईत अर्ध्या लोकांकडे ४ फुटीच आहेत.

अनघा_सागर:
कोले किंवा टोमिनी टँग ठेवा ना, लहान राहतात. पावडर ब्लू नको, आणि सेलफिनसोबत तर नकोच.

समीर_ठाणे:
वाद नंतर घाला. आता नव्या माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतायत. दगडाला अंग घासतोय. हे भांडणामुळे झालं का?

मधुकर_काका:
घाबरू नका. इक (हे पांढरे ठिपके आणणारा परजीवी) प्रत्येक टँकमध्ये असतोच, ताण आला की उठतो. गेली कित्येक वर्षं मी नोरी लसणाच्या रसात भिजवून देतो. खाणारा मासा मरत नाही. सारखं जाळं घालून पकडापकडी केलीत तर नक्की मरेल.

ताजे_पाणी:
माझे टँक गोड्या पाण्याचे आहेत, पण पांढरे ठिपके आले की तापमान ३० वर नेतो आणि थोडं मीठ घालतो, आठवड्यात जातात.

अनघा_सागर:
ताजे_पाणी, गोड्या पाण्यातला इक हा वेगळा जीव. खाऱ्यातला क्रिप्टोकॅरियन या उष्णतेने जात नाही. उलट ३० अंशांना पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि कोरल पांढरे पडायला लागतात.

काका, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगते, तो "असतोच" असं नाही. तो माशासोबत आत येतो. माशावर काही दिवस खातो, गळून पडतो, वाळूत-दगडावर कोश करतो आणि त्यातून शेकडो पिल्लं पोहत मासा शोधतात. ठिपके कमी झाले म्हणून बरा झाला असं वाटतं ते याच मधल्या काळात. लसणाने भूक वाढत असेल, परजीवी मरत नाही. समीर, एका दिवसात ठिपके दिसले म्हणजे तो दुकानातूनच आलाय. भांडणाने फक्त प्रतिकारशक्ती खाल्ली.

नितीन_पुणे:
कॉपर (तांब्याचं औषध) टाका, दोन आठवड्यांत साफ.

प्रवाळ:
नितीन, थांबा! समीर, मुख्य टँकमध्ये कॉपर अजिबात घालू नका. कोरल, श्रिंप, गोगलगायी सगळं जाईल, आणि दगड-वाळू कॉपर शोषून ठेवतात. कॉपर फक्त वेगळ्या टँकमध्ये.

नितीन_पुणे:
मला वाटलं वेगळा टँक गृहीतच आहे.

वनरक्षक_मित्र:
धागाकर्त्यांनी कोरल कुठून घेतले ते कळेल का? कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, समुद्री घोड्यालाही त्याच कायद्याचं संरक्षण आहे. समुद्रातून तोडलेले तुकडे विकत घेणं गुन्हा आहे. हे लिहायलाच हवं, कारण दुकानात कुणी सांगत नाही.

प्रवाळ:
बरोबर आहे, आणि महत्त्वाचं आहे. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे मासा मरतोय.

समीर_ठाणे:
पावडर ब्लू पकडला! नोरी लावलेला डबा कोपऱ्यात धरला, स्वतःच आत आला. ६० लिटरची काचेची टाकी रिकामी आहे. आता?

अनघा_सागर:
नोरीकडे आला म्हणजे भूक आहे, फार चांगली खूण.

काच रिकामीच ठेवा, वाळू-दगड नको. हीटर, हवेचा पंप, लपायला पीव्हीसीचे दोन-तीन तुकडे. पाणी मुख्य टँकचंच भरा. सम्पमधला (मुख्य टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीतला) एखादा जुना स्पंज तिथे न्या, नाहीतर अमोनिया वाढेल. तो स्पंज परत सम्पमध्ये आणायचा नाही. कॉपर एकदम पूर्ण मात्रेला नेऊ नका, दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवा. चिलेटेड कॉपर (दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं) असेल तर २ ते २.५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), महिनाभर. टँग कॉपरला नाजूक असतात.

मुख्य टँकमधले बाकी मासेही बाधित धरा. तेही वेगळे काढून मुख्य टँक माशांविना ठेवला तर परजीवी उपाशी मरतो. ७६ दिवस हा सुरक्षित आकडा.

मधुकर_काका:
७६ दिवस क्लाउन कुठे ठेवायचे? माणसाचं घर लहान असतं हो.

समीर_ठाणे:
आधी हा वाचू दे. कॉपर मोजायचं किट माझ्याकडे नाही, बाटलीवरच्या मात्रेने चालेल का?

प्रवाळ:
नाही. कमी पडलं तर परजीवी जगतो, जास्त झालं तर मासा मरतो. किट मिळेपर्यंत कॉपर घालू नका, आणि घ्याल ते चिलेटेड कॉपर मोजणारंच हवं, सगळी किट ते दाखवत नाहीत. ठाण्यात कुणाकडे आहे का? समीर, कुठल्या भागात राहता ते लिहा.